अनोळखी नंबरची तोंडी परीक्षा

निवृत्त परीक्षा नियंत्रकांनी जेवणाच्या टेबलावर एक मोहोरबंद लिफाफा ठेवला आणि पत्नीला बजावले, "यापुढे अनोळखी नंबरवरून कुणाचाही फोन आला, की यातले प्रश्न विचारायचे. उत्तरं जुळली तरच पुढचं बोलणं."

"आणि उत्तरं कुणाला माहीत आहेत?" पत्नी बॅगेत टॉवेल कोंबत होती.

"मला."

"मुलीला सांगितलीत?"

"प्रश्नपत्रिका फोडू म्हणतेस?"

मुलगी त्याच संध्याकाळी येणार होती. तब्बल तीन वर्षांनी, कडेवर दीड वर्षाची लेक घेऊन. नातीला आजीने आजवर फक्त फोनच्या पडद्यावर पाहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांनी तळ्याकाठच्या सुट्टीघरात पाच दिवस राहायला जायचे ठरले होते, आणि या पाच दिवसांसाठी पत्नीने वर्षभर ध्यास घेतला होता.

लिफाफ्याचे मूळ वाचनालयातल्या एका व्याख्यानात होते. सुट्टीच्या हंगामात भामट्यांपासून सावध कसे राहावे, हा विषय. व्याख्यात्याने दीड तासात भामट्यांविषयी एकही कठोर शब्द उच्चारला नाही. सारी कठोरता त्याने श्रोत्यांसाठी राखून ठेवली होती. तुम्ही भोळे आहात, तुम्ही बेसावध आहात, तुम्ही घाई करता. ज्याचे घर फुटले त्यालाच कडीकोयंड्याची लाज वाटायला लावणारी ही नवी नीती आहे, आणि तिला जनजागृती असे भारदस्त नाव आहे. घरच्यांचे सोंग घेऊन कुणी फोन केला तर ओळखायला घरात एक खुणेचा प्रश्न ठरवून ठेवा, एवढा एकच कामाचा सल्ला त्याने दिला. परीक्षा नियंत्रकांनी तो ऐकला आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने त्याचे वीस प्रश्न, नमुना उत्तरे आणि गुणदान योजना करून टाकली.

साडेपाचला फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"बाबा, मी बोलतेय. माझा फोन बसमध्येच राहिला. तिकीट खिडकीवरच्या बाईंच्या फोनवरून करतेय. दोन बॅगा आहेत, पोरगी रडून रडून झोपलीय. न्यायला या ना."

नियंत्रकांनी फोनचा स्पीकर चालू केला आणि लिफाफा फोडला. "प्रश्न पहिला. सहाव्या वर्षी तुला कोणता आजार झाला होता?"

"काय?"

"प्रश्न पुन्हा वाचला जाणार नाही."

"गोवर. बाबा, अहो पोरगी..."

"चूक. कांजिण्या."

"गोवरच होता," आतून पत्नी म्हणाली. "कांजिण्या तुम्हाला झाल्या होत्या. महिनाभर मीच लेप लावत होते."

"परीक्षार्थीला बाहेरून मदत करू नये. प्रश्न दुसरा. तुझ्या वडिलांचा सर्वांत ठळक गुण कोणता?"

पलीकडे कुठलीशी बस सुटत असल्याची घोषणा झाली. "हट्टीपणा," मुलगी म्हणाली.

"चूक. संयम."

"आईला द्या फोन."

"परीक्षक बदलून मिळत नाही," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. "आवाज अगदी हुबेहूब काढला होता. हल्ली यंत्रावर काढतात म्हणे."

पत्नीने चपला पायात सरकवल्या. "ती ज्या काकुळतीने 'पोरगी, पोरगी' म्हणाली, तसं कुठलं यंत्र म्हणेल? मी चालले स्टँडवर."

"दोनपैकी शून्य मिळालेल्या व्यक्तीला आणायला?"

"तुमच्या परीक्षेत मीही नापासच होईन. चाळीस वर्षं कुठे काय बिघडलं?" असे म्हणून ती निघालीच.

ती गेल्यावर दहा मिनिटांत दुसरा फोन आला.

"नमस्कार सर. बँकेच्या फसवणूक प्रतिबंध विभागातून बोलतोय. सुट्टीत आपल्या खात्याला धोका दिसतोय, म्हणून..."

"थांबा," नियंत्रक म्हणाले. "आधी तुमची ओळख पटवा. प्रश्न मी विचारणार."

"अवश्य सर. असे जागरूक ग्राहक हल्ली राहिलेत कुठे."

ज्या आवाजाने इतक्या विनयाने परीक्षा मान्य केली, त्याच्याविषयी नियंत्रकांचे मत त्याच क्षणी बरे झाले. "माझं खातं कोणत्या शाखेत आहे?"

"मुख्य शाखेत सर."

"चूक. बाजार शाखेत. माझ्या कार्डाचा नंबर सांगा."

आवाजाने सोळा आकडे चाचपडत म्हटले. नियंत्रकांनी कार्ड हातात धरून ते तपासले. "पहिले चार बरोबर. पुढचे बाराही चुकलेत. लिहून घ्या." आणि त्यांनी ते सावकाश, दोनदा सांगितले, कारण चुकीचे उत्तर दुरुस्त न करता पुढे जाणे हा त्यांच्या लेखी अध्यापनाचा खून होता.

"माफ करा सर, तयारी कमी पडली. जन्मतारीख सांगू?" तीही चुकली, तीही दुरुस्त झाली. खात्याच्या सुरक्षा प्रश्नाचे गुप्त उत्तरही तसेच. "सर, शेवटची संधी द्या. आत्ता आपल्या फोनवर सहा आकडे आले असतील. मी ओळखून दाखवतो. चार, शून्य, दोन, दोन, नऊ, एक."

"फक्त पहिला आकडा बरोबर," नियंत्रक खेदाने म्हणाले, आणि उरलेले पाच सांगितले.

"आभारी आहे सर. आपल्याकडून खूप शिकायला मिळालं."

हे वाक्य बत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने त्यांना ऐकवले नव्हते.

पाऊण तासाने पत्नी, मुलगी आणि झोपलेली नात घरात आल्या. नियंत्रकांनी मुलीकडे किंचित अपराधी नजरेने पाहिले आणि विषय बदलावा म्हणून त्या होतकरू परीक्षार्थीची हकीकत सांगितली. सहाव्या आकड्यापाशी मुलीने लेक आईच्या हाती दिली आणि कार्डाच्या मागचा बँकेचा नंबर फिरवून फोन वडिलांना दिला.

"खात्याचं गुप्त उत्तर सांगा, सर," बँकेतली बाई म्हणाली.

नियंत्रकांनी सांगितले.

"नोंदीशी जुळत नाही."

"जुळत नाही म्हणजे?" नियंत्रक ओरडले. "मग बरोबर उत्तर काय?"

"ते आम्ही सांगत नसतो, सर."

ही एवढी साधी गोष्ट नियंत्रकांना आजवर कुणी शिकवली नव्हती.

"खातेदारांनी थोड्या वेळापूर्वीच उत्तर आणि फोन नंबर बदललाय," बाई पुढे म्हणाली. "सगळी माहिती अचूक दिली त्यांनी. फार सभ्य होते. असे ओरडत नव्हते."

"अहो बाई, तो चोर होता. खातेदार मी आहे."

"असं चोरही म्हणतात, सर. तुमची ओळख पटलेली नाही. आपण या खात्यात शिरायचा प्रयत्न करताय, तेव्हा खातं मी आत्ताच गोठवते. नवा नंबर दिल्यावर एक दिवस पैसे हलत नाहीत, त्यामुळे खातेदारांचं नुकसान होणार नाही. तुमची मात्र तक्रार होईल."

"माझी तक्रार?"

"खरे खातेदार असाल तर ओळखपत्रं घेऊन शाखेत या. बँकेच्या सुट्ट्या संपल्यावर." फोन बंद झाला.

नियंत्रक संतापाने उठून उभे राहिले. भामट्याला त्याच्या नम्रतेसाठी शाबासकी आणि धन्याविरुद्ध त्याच्या खरेपणासाठी तक्रार, अशा व्यवस्थेत प्रामाणिक माणसाने राहावे तरी कसे, असे ते विचारू लागले. आणि प्रश्न अगदी रास्त असल्यामुळे त्याला उत्तर मिळाले नाही.

"मला चोर ठरवलं तिने," ते म्हणाले.

"म्हणून तर पैसे वाचले, बाबा," मुलगी म्हणाली. "तुम्हाला चोर समजून तिने खातं गोठवलं. आता खऱ्या चोरालाही त्यातून काही काढता येणार नाही."

"आणि सुट्टीघर? उद्या तिथे पैसे काय भरायचे?"

पत्नीने नातीला खांद्यावरून मांडीवर घेतले. नात जागी झाली, आजीचे नाक तिने घट्ट धरले, आणि ते सोडायची तिला काही घाई दिसेना.

"मला तळं कुठे बघायचं होतं," पत्नी नाकात म्हणाली. "तुमची फेरपरीक्षा सुट्टीनंतर आहे. तोवर तिच्या बॅगा आत आणा. आणि कुणाचा फोन आला, तर मी घेईन."