पाणवठा क्रमांक सात येथील अज्ञात प्राणी

वन्यप्राण्यांना उन्हाळ्यात पिण्यास पाणी मिळावे, या उदात्त हेतूने धामणगाव बढ्याच्या पलीकडच्या जंगलात पाणवठा क्रमांक सात मार्चअखेर बांधून तयार झाला. सिमेंटचा गोल हौद, शेजारी फलक, फलकावर भागाचे पुढारी मार्तंडभाऊ यांचा हसरा फोटो आणि सभोवार लाल फीत. पाणी तेवढं नव्हतं. पहिला हंडा भाऊंच्या शुभहस्ते ओतला जायचा होता. त्याआधी हौदात थेंब पडला असता तर तो राजशिष्टाचाराचा भंग ठरला असता. आणि भाऊंना तारीख मिळेना. निसर्गावर त्यांचं अतोनात प्रेम. खामगावच्या थंडगार सभागृहांत ते त्यावर सारखे बोलत असत. एप्रिल गेला, मे लागला.

हौदाची राखण रोजंदारीवरच्या तुळशीरामकडे होती. रोज दुपारी एक रोही, म्हणजे नीलगाय, पिलाला घेऊन यायची, कोरडं सिमेंट चाटायची आणि फितीपाशी उभी राहायची. पिलाच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या तेव्हा तुळशीरामला राहवेना. त्यानं वनाधिकारी शैलजा मॅडमना गाठलं.

"म्याडम, पिल्लू मरते जी. दोन कॅन पाणी टाकू द्या."

"दिलं असतं रे, पण मग उद्घाटन कशाचं करायचं?" मॅडम वाईट नव्हत्या, त्यांनी मनापासून सुस्कारा टाकला. "शिवाय पाणवठा उत्तम चाललाय. हौदावरच्या कॅमेऱ्यात बघ, महिन्याभरात एकशे बारा प्राण्यांनी भेट दिली."

"पण त्याइनं पाणी पेलं काय?"

"तो रकाना तक्त्यात नाही."

घरी आशाबाईनं नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं. "आपल्या आडात पाणी हाये ना?" ती म्हणाली. "मंग सायेबाले काऊन पुसून राह्यले?"

दुसऱ्या दिवसापासून भर दुपारी, डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून, खांद्यावर कावड आणि कावडीला दोन कॅन लावून तुळशीराम फितीखालून आत शिरू लागला. पाणी ओतायचं आणि निघायचं. पंधरा वर्षांची रोजंदारी एका दिवसात जाईल ही भीती होतीच. पण पिल्लू पाणी पिताना शेपटी हलवायचं, आणि ते पाहून त्याला फार बरं वाटायचं.

चौदा दिवसांनी कॅमेऱ्यातले फोटो मॅडमच्या टेबलावर आले. वन्यजीवतज्ज्ञ म्हणून अविनाश सरांना खास बोलावलं होतं. तुळशीराम चहाचा ट्रे घेऊन उभा होता.

"हा माणूस नाही," सरांनी निदान केलं.

"दोन पायांवर चालतोय, सर."

"अस्वलही उभं राहतं, मॅडम. वर्तन बघा. चौदा दिवस आला, कॅमेऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. शेजारी फलक असून त्याच्यासोबत फोटो काढला नाही. दुसऱ्यासाठी पाणी आणलं, ओतलं आणि कुणाला न सांगता निघून गेला. माणसात असं वर्तन आढळत नाही."

मॅडमनी फोटोतला दुपट्टा पाहिला, मग तुळशीरामच्या खांद्यावरचा पाहिला. माणूस असं लिहिलं, तर उद्घाटनाआधी पाणी पडल्याचंही लिहावं लागणार होतं, आणि मग दोघांचीही चौकशी. त्यांनी लिहिलं : 'अज्ञात प्राणी. अतिदुर्मिळ. जिल्ह्यातील अंदाजे संख्या : एक.'

तुळशीरामनं सुटकेचा निःश्वास टाकला. नोकरी वाचली होती.

दुर्मिळ प्राणी सापडल्याचं कळताच मार्तंडभाऊंना तीनच दिवसांत तारीख मिळाली. त्यांनी फीत कापली, हंडा ओतला, हंडा ओतताना फोटो नीट आला नाही म्हणून रिकामा हंडा पुन्हा ओतला, आणि भाषणात सद्गदित होऊन म्हणाले, "माणुसकी काय असते, हे आपण या जनावराकडून शिकलं पाहिजे!" लगेच घोषणाही केली. या प्राण्याच्या रक्षणासाठी पाणवठ्याला रस्त्याच्या बाजूनं तारेचं कुंपण, माणसांना सक्त प्रवेशबंदी, आणि फाटकावर कायमस्वरूपी पहारेकरी. तुळशीरामच्या हातात कायम नोकरीचा आदेश पडला.

"भाऊ, मंग अंदर पाणी कोण टाकीन जी?" त्यानं भीतभीत विचारलं.

"कोण म्हणजे? तो प्राणी टाकते ना!"

चार दिवसांत हौद पुन्हा कोरडा झाला. रोही आणि तिचं पिल्लू आता जंगलातून येऊन तारेच्या आतल्या बाजूला थांबतात. फाटकावरही कॅमेरा आहे. तुळशीरामनं कुंपणाला चिकटून, पण बाहेरच्या बाजूला, एक घमेलं ठेवलंय. बाहेर असल्यामुळे ते नियमात बसतं. पिल्लू तारेतून तोंड काढून त्यातलं पिऊ शकतं. पण घरचा आड आता तळाला गेलाय. आशाबाई रोज एकच बाटली भरून देते. अर्धी तुळशीराम पितो, अर्धी घमेल्यात जाते.

दुर्मिळ प्राणी पाहायला हल्ली गाड्या भरभरून लोक येतात. मागच्या रविवारी तुम्हीही आला होतात. फलकासोबत फोटो काढलात. पिल्लू किती गोड आहे म्हणालात. घमेलं कोरडं होतं आणि तुमच्या हातात थंड पाण्याची दोन लिटरची बाटली होती. थोडं प्यालात, थोडं तोंडावर मारलंत, उरलेलं गाडीच्या काचेवर ओतून काच पुसून काढलीत. मग तुम्ही तुळशीरामला विचारलंत, "काका, तो दुर्मिळ प्राणी दिसेल का हो इथं?"

तुळशीरामनं आधी रिकाम्या बाटलीकडे पाहिलं, मग तुमच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नाही जी," तो म्हणाला. "आज तं नाही दिसला."