डोंबिवलीकरांचा तारपा नाच

टिटवाळ्याच्या पुढच्या वारली पाड्यावर पर्यटकांची पहिली बस डोंबिवलीहून येणार, म्हणून मालनचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. अंगण सारवून झालं होतं, भिंतीवर ताजी चित्रं होती, चुलीवर नव्या तांदळाचा भात रटरटत होता. पाहुणे खूश झाले, तर दर रविवारी बस येणार होती. मग बायांना यंदा पोरंबाळं घेऊन वीटभट्टीवर जावं लागणार नव्हतं.

तारपा वाजवणाऱ्या नवऱ्याला, विश्रामला, तिने बजावलं, "काय पण होऊ दे, वाजवायचं थांबायचं नाय." पाहुण्यांनाही दम दिला, "एकमेकांच्या कमरेत हात घाला. तारपा जाईल तिकडं जायचं. त्याच्याकडं पाठ करायची नाय."

सूचना पाळण्यात डोंबिवलीकर कुणाला हार जायचे नाहीत. नाच रंगात आला आणि विश्रामला दिसलं, आपली म्हैस दावं तोडून भाताच्या रचलेल्या पेंढ्यांत तोंड घालतेय. थांबायची तर बंदी होती, म्हणून तो वाजवतच तिला हाकलायला निघाला. मागोमाग अख्खी साखळी निघाली. तारपा कानाशी येताच म्हैस उधळली आणि शेजारच्या शेवंतीच्या परसातून ओढ्याकडे पळाली. विश्राम तिच्या मागे, डोंबिवली विश्रामच्या मागे.

"अवो, थांबा," मालन ओरडत होती, पण तारप्यापुढे तिचं कोण ऐकणार? म्हैस ओढ्याच्या पाण्यात जाऊन बसली. विश्राम पलीकडच्या दगडावर चढून वाजवत राहिला आणि पाहुण्यांनी गुडघाभर पाण्यात म्हशीभोवती फेर धरला. सगळा पाडा काठावर जमून डोळे फाडून बघत होता.

अखेर विश्रामचा दम संपला. मालनला रडूच फुटायचं बाकी होतं. बस गेली, भट्टी आली, असंच तिने धरलं. तेवढ्यात निवृत्त शिक्षिका रमाबाई निथळत वर आल्या.

"मालनताई, म्हशीभोवती फेर धरण्यामागे अर्थ काय हो?"

"आमच्या ह्यांचा तिच्यावर लय जीव," मालनने खरं तेच सांगितलं.

"किती सुंदर," म्हणत रमाबाईंनी पुढच्या रविवारची बस तिथेच ठरवून टाकली.

त्या रविवारी मालन हरखून अंगणात आली, तर बसच्या आधीच लांबलांबच्या पाड्यांवरची माणसं भाकऱ्या बांधून, पोरं खांद्यावर घेऊन, जागा धरून बसलेली.

"तुम्ही कुठं इकडं?" तिने विचारलं.

"डोंबिवलीवाल्यांचा नाच बघाय," एक म्हातारी म्हणाली. "शेवंती सांगत होती, असला नाच जन्मात पाह्यला नाय."

बसमधून उतरलेल्या रमाबाईंनी ती गर्दी पाहिली, कारण ऐकलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, एवढ्या लोकांसमोर? आमची तालीमसुद्धा झालेली नाही."

मालनने त्यांचा हात हातात घेतला. "घाबरू नका. पाहुणे लांबून आलेत, सांभाळून घेतील."