शॉवरखालचा झरा

एका जंगलात एक दुमजली गुहा होती. मुलांनो, गुहा दुमजली कशी, असं विचारू नका. अस्वलांनी एकीवर एक खोदली, झाली दुमजली.

वरच्या गुहेत आबा अस्वल आणि त्यांची बहीण यमूआत्या राहत. खाली आबांची नात इरा. ती सुगरण पक्ष्यांच्या महाविद्यालयात जाऊन घरबांधणी शिकून आली होती. म्हणून तिला जन्मात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली होती. पाचोळ्याचा बिछाना, पुस्तकं आणि दाराला आतून लावायला एक गोल धोंडा. त्या धोंड्यावर तिचा फार जीव. तो लावला की आत्याची हाक अर्धीच ऐकू यायची.

एकदा आबांनी माकडांच्या घरी शॉवर पाहिला. घरी आले ते फर्मान घेऊनच.

"आपल्यालाही हवा. वरच्या कोपऱ्यात."

तो कोपरा नेमका इराच्या बिछान्यावर यायचा.

"चालेल," इरा म्हणाली. "पण काम मी करणार. चुकलं तर पाणी माझ्याच डोक्यावर येणार आहे."

तिने पाणी जायच्या जाळीकडे उतार काढला. फटी बुजवल्या. जमिनीवर आणि भिंतींवर राळ नि मेणाचा जाड थर दिला. थर वाळल्यावर तिने जाळीत बोळा कोंबला आणि वर पाणी भरून ठेवलं.

"अगं, डास होतील!" यमूआत्या म्हणाली.

"होऊ देत. खाली थेंब आला नाही, तरच फरशा बसवायच्या."

आबा खो खो हसले. "उभा जन्म आम्ही नदीत अंघोळ केली. नदीला कुणी केलं होतं वॉटरप्रूफिंग?"

"आबा, नदीच्या खाली कुणी झोपत नाही!"

"उलट बोलू नकोस."

पाणी तसंच राहिलं. खाली टिपूसही नाही. इराने आनंदाने पाणी काढलं आणि फरशा आणायला ती बाहेर गेली. परत आली, तर आबा कोपऱ्यात उभे. हातात नारळ.

"नव्या कामाला नारळ नको?"

"बाहेर दगडावर फोडा!"

"अंघोळ काय मी बाहेर करणार आहे?"

आणि धप्प! अस्वलाचा हात तो, मुलांनो. नारळ फुटला. थरही फुटला. खालचा कातळसुद्धा तडकला.

"आबा, भोक पडलं!"

"शुभ बोल गं," म्हणत आत्याने तिच्या तोंडात खोबरं कोंबलं. ते गिळून होईपर्यंत आबांनी भोकावर फरशी बसवलीसुद्धा. "आता दिसतंय का कुठे?" त्यांनी विचारलं.

दिसत नव्हतं, हे मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी आबा गात गात शॉवरखाली उभे राहिले. खाली इराच्या नाकावर थेंब पडला.

"आबा, गळतंय!"

आबा ओलेत्याने खाली आले. वर पाहिलं. गळतीची चूक आबांची निघणार, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. कारण त्यांनी लगेच हात जोडले.

"गळत नाही. झरा प्रकटलाय."

संध्याकाळपर्यंत दारात रांग लागली. ससे आले, सांबरं आली. कोल्ह्याच्या आईचे गुडघे बरे झाले. एक रानडुक्कर ओंजळभर पिऊन म्हणालं, "जरा खारट आहे."

"कातळातलं ना," आबा म्हणाले.

"ते आबांच्या काखेतलं आहे!" इरा ओरडली.

"शिकलेल्या मुली," आत्या रांगेला म्हणाली, आणि सगळ्यांनी समजून मान हलवली.

पुस्तकांवर फुलं वाहिली गेली. बिछाना बाहेर गेला. आणि दाराच्या त्या लाडक्या धोंड्याला शेंदूर फासला गेला. इरा जांभळाखाली झोपू लागली.

पुढे आबा आणि आत्या एका लग्नाला दूरच्या डोंगरावर गेले. इराने फरशा उचकटल्या. तडा बुजवला, थर पुन्हा दिला, पाणी भरून पाहिलं. कोरडं ठणठणीत! तिने फरशा बसवल्या, वरून पाणी सोडून खात्री केली, बिछाना आत आणला, धोंड्याचा शेंदूर पुसला आणि दार लावून ढाराढूर झोपली.

जाग आली ती रडारडीने. दारात सगळं जंगल जमलं होतं. लग्नाहून परतलेले आबा पुढे होते, आणि नुकतीच अंघोळ करून आले होते.

"झरा आटला! काय केलंस?"

"गळती काढली."

एका सशाला हुंदका फुटला. "देव कोपला," कोल्हा म्हणाला, आणि त्याच्या आईचे गुडघे तिथल्या तिथे दुखू लागले.

"घाबरू नका," आबा म्हणाले. "उपाय आहे." आणि नारळ काखेत मारून ते जिना चढू लागले.

"आबा, निदान ह्या खेपेला तरी बाहेर..."

धप्प!

आबांनी वर शॉवर सोडला. इराच्या नाकावर थेंब पडला. जंगल दुमदुमलं. यमूआत्याने मायेने तिच्या तोंडात खोबरं घातलं.

तात्पर्य : मुलांनो, थोरांशी कधी वाद घालू नये. ते चुकले, तर फक्त छत गळतं. तुम्ही बरोबर ठरलात, तर देव कोपतो.