राज्याचा रथ उलटा चालला, त्याची हकीकत

श्री. कडेकपारींच्या दैवतांस दंडवत असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, श्रावण वद्य षष्ठी, दुपारी साडेतीन वाजता राज्याचा चारचाकी रथ ढेबेवाडीच्या चढावरून सरळ उलटा खाली आला. ऐसे पूर्वी कधी जाहले नव्हते. कारण राज्याचा दस्तूरच ऐसा की सरकारी रथाने मागे चालू नये. मागे चालणे ती पीछेहाट, आणि पीछेहाट ती राज्याची नाचक्की. मागील साली एक हवालदार याच चढावर अडकले, उलटे यावयाचे नाही म्हणून चढावरच आडवे वळले, आणि रथासह तीन कोलांट्या खाऊन करवंदीच्या जाळीत विसावले. पाठ दाखविली नाही म्हणून दरबाराने त्यांचा सत्कार केला. तो त्यांनी खाटेवर पालथे निजून स्वीकारला.

आजचा प्रसंग ऐसा की, माथ्यावर धोंडाबाई ढेबे यांस दुपारी बाराच्या सुमारास घोणस डसली, पाय गुडघ्यापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, आणि दरड कोसळून पक्का रस्ता बंद. तेव्हा विषावरील औषध घेऊन डॉक्टरीण मुजावरबाई निघाल्या, रथ हाकावयास हौसाबाई वाळंज बसल्या, आणि दस्तूर राखावयास दरबाराचे आठल्येपंत.

"पंत, पट्टा बांधा," हौसाबाई म्हणाल्या.

"पालखीत कोणी पट्टा बांधतो काय?"

"पालखी कोलांटी खात नाही. बांधा."

मग ओढा लागला. हौसाबाई उतरल्या, लुगडे खोचून काठीने तळ चाचपीत पलीकडे जाऊन आल्या, पाणी गुडघ्याखाली व तळ खडीचा पाहिला, आणि मग चारही चाकांस जोर देणारा लहान गियर आधीच टाकून संथ पार जाहल्या. पुढे पंतांनी नाचणीच्या शेतातून जवळची वाट दाखविली. हौसाबाई म्हणाल्या, "ज्यांच्या घरी जातो, त्यांच्याच ताटातून गाडी न्यायची का?" आणि चाकोरी सोडली नाही. मग चढ आला. निम्म्यावर चाके लाल चिखलात गरगरली, इंजिन बंद पडले, आणि डाव्या अंगाला दरी.

"वळवा, बाई, वळवा!" पंत ओरडले. "मागे नाही!"

धोंडाबाईंची घटका भरत होती हे हौसाबाई जाणत होत्या. "घाई केली तर चौघींची भरेल," त्या म्हणाल्या.

"चौघींत मी कुठला?" पंतांनी विचारले.

"चढावर सगळे सारखेच. गप बसा."

मग त्यांनी ब्रेक दाबून धरला, मागचा गियर टाकला, इंजिन चालू केले, क्लच सोडला, ब्रेकवरचा पाय हलकेच उचलला, नजर आरशांत ठेविली, आणि रथ आला त्याच चाकोरीतून दोरीसारखा सरळ खाली नेला. खाली येताच चाकांची हवा बत्तीसवरून वीसवर आणिली. पंत कळवळले, "भरल्या चाकाचा मान असतो!" हौसाबाई म्हणाल्या, "मानाला पकड नसते. आता उतरा, वरच्या वळणाशी बाजूला उभे राहा आणि हाताने वाट दाखवा. चाकांसमोर येऊ नका." पंत उतरले, चढले, आणि उपरणे फडकावून डावे-उजवे सांगू लागले. रथ न थांबता, न उसळता, एका लयीत वर आला, आणि सारी वाडी आरोळ्या देत बांधावर धावली. पंतांनी उपरणे आभाळात उडविले आणि हौसाबाईंस मुजरा केला. चार वाजून पाच मिनिटांनी औषध शिरेत गेले. रक्त थांबताच चाकांच्या पकडीवर व इंजिनाच्या ओढीवर रथ तोलीत हौसाबाईंनी रोगी खाली, मोठ्या दवाखान्यात पोचविला.

मग दरबाराने पंतांस पुसले, रथ उलटा चालला काय? पंतांनी लिहून दिले: "चालला. मी आत होतो. म्हणून हे लिहावयास आहे."

एकूण इतके की, चढ सर जाहला, रथास ओरखडा नाही, शेतातील एक रोप मोडले नाही. आज सहावा दिवस. दरबाराचा निकाल अद्याप नाही. धोंडाबाई बोलतात, भाकरी मागतात. पायाची दोन बोटे काळी आहेत. ती राहतात की जातात, हे डॉक्टरीणबाई परवा सांगणार आहेत.