तेलचोर आणि इंझोरीचं बारसं

अनसिंगात डिटेक्टिव्ह एकच, उदयसिंग. हे मत खुद्द उदयसिंगांचं. "माह्या नजरेतून मुंगी सुटत नाही," असं ते म्हणत. चहातली तेवढी निमूट पिऊन टाकत.

त्यांच्या बायकोला, सोनीबाईंना, मात्र आज इंझोरीला पोचायचं होतं. त्यांच्या धाकट्या भावाला, राजपालला, नवससायासांनी मुलगी झाली होती. आत्या एकटीच, ती गेल्याशिवाय नाव ठेवणार कोण? एसटी तर केव्हाच गेली होती, आणि अंगणात मोटारसायकलखाली काळं थारोळं साचलं होतं.

"सोनी, इंजिनातलं ऑइल चोरी गेलं!"

"चोरी गेलं त खाली कसं सांडलं?"

"चोर घाईत होता."

पहिला संशय शेजारच्या धनसिंगवर. त्याच्या बैलगाडीची चाकं हल्ली करकरत नव्हती.

"भाऊ, गाडी त म्या दिवाळीतच इकली."

"पाह्यलं? पुरावा नष्ट केला!"

मग पलीकडची रुखमाबाई. म्हातारीचे केस एकाएकी काळे कसे?

"कलप लावला, मेल्या!"

तेवढ्यात राजपालचा फोन आला. "ताई, कुठवर आली? बाया बसल्या, पोरगी रडून राह्यली."

सोनीबाईंनी पदर खोचला आणि गाडीखाली डोकं घातलं. इंजिनाच्या बुडाच्या बोल्टातून थेंब गळत होता.

"अहो, हा बोल्ट ढिला हाय."

"अशक्य! चोरानं उघडू नये म्हून मी सोता रोज कसतो!"

सोनीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. त्यांना लग्नातल्या कंदिलाची चावी आठवली. मग स्टोव्हचा पंप, मग न्हाणीतला नळ. सगळे याच हातांनी कसता कसता मोडलेले.

"चोर सापडला."

"कोण?"

"त्याले मी लगन झाल्यापासून जेवू घालून राह्यली."

नाक्यावरच्या देवमन मिस्त्रीनं बोल्ट काढून दाखवला. "काका, बोल्ट लोखंडी, इंजिन नरम अ‍ॅल्युमिनियमचं. कसू कसू आतले आटेच खाल्ले तुमी." त्यानं भोक मोठं केलं, नवे आटे पाडले, जाड बोल्ट बसवला आणि ऑइल भरलं. उदयसिंगांनी पान्ह्याकडं हात नेला. पान्ह्यावर सोनीबाई बसल्या होत्या.

इंझोरीत पाळणा खोळंबलाच होता. सोनीबाईंनी भाचीच्या कानात 'सपना' म्हटलं. आत्याच्या पाठीत धपाटे घालायला बायांनी हात उगारले.

"थांबा वं," सोनीबाई म्हणाल्या, "उशीर कोणामुळं झाला ते आधी इचारा."

उदयसिंग पुढं झाले. "लई मोठी केस होती. आरोपी घरातलाच निघाला."

"मंग?" बायांनी विचारलं.

"मंग काय?" सोनीबाई म्हणाल्या. "तोच उभा हाय. माह्या वाटणीचे बी त्यालेच घाला."