साचा क्रमांक सतराची प्रकृती उत्तम

यंत्राचं आयुष्य तेलावर नसून नोंदीवर अवलंबून असतं, हे जर्मनीतल्या श्वाबेनमधल्या आमच्या झाकणांच्या कारखान्याला फार उशिरा कळलं. तोवर साच्यांची देखभाल एर्विन हेगेले नावाचा कारागीर कानानं करायचा. बत्तीस वर्षं. झाकणं ठोकणाऱ्या चालू प्रेसच्या शेजारून नुसता जायचा आणि म्हणायचा, "बाविसावा खोकतोय. उतरवा." (पद्धत अशास्त्रीय. बाविसावा अजून चालतोय.)

एवढी माहिती एकाच डोक्यात, आणि ते डोकं दर ऑगस्टमध्ये आल्प्सवर चढणार! म्हणून वरिष्ठांनी हांबुर्गहून टोनीसबाईंना आणलं. बाई हुशार, मेहनती. सहा महिन्यांत दोनशे अकरा साचे संगणकात गेले. प्रत्येकाला त्रेचाळीस रकाने. रकाने भरण्यात चार कारागीर गुंतल्यामुळे (मी त्यांतलाच) देखभाल जरा मागे पडली, पण ती मागे पडल्याची नोंद चोख झाली.

मार्चमधल्या एका मंगळवारी एर्विन बाईंच्या टेबलाशी आला.

"बाई, सतरावा फुटणार. म्हाताऱ्या बोकडासारखा ओरडतोय."

"आवाजांच्या यादीत बोकड नाही, श्रीयुत हेगेले. 'कर्कश' आहे, 'घरघर' आहे."

"मग 'इतर' टाका."

"'इतर'ला समितीची मंजुरी लागते. गुरुवारी बसते समिती."

"बरं. सतराव्याला सांगतो, गुरुवारपर्यंत कळ काढ म्हणून."

बाईंनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. सतराव्यासमोर हिरवा ठिपका होता. "बघा ना, प्रकृती उत्तम आहे."

एर्विन ठिपक्याकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या कानांची शंका आली. तो कामावर परतला.

सतरावा बुधवारी फुटला.

समिती ठरल्याप्रमाणे गुरुवारी बसली. ठिपका हिरवाच असल्यामुळे फुटलेला साचा सतरावा नसावा, असं आठ विरुद्ध शून्य मतांनी ठरलं. अठरा दिवस कारखान्यातून झाकण निघालं नाही. वर्षअखेरीस अद्ययावत नोंदींबद्दल आम्हाला मानचिन्ह मिळालं. बाईंनी सफरचंदाचा केक आणला. (छान होता.)

हे सगळं तुम्ही मजेत वाचलंत. साचे किती, रकाने किती, मतं किती, विचारलं तर घडाघडा सांगाल. साचा फुटला तेव्हा शेजारी कोण उभं होतं, हे मात्र तुमच्या मनातही आलं नाही. एर्विन होता. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

समितीनंही विचारलं नव्हतं. पण तिच्याकडे निदान तसा रकाना नव्हता.