आधी नाव, मग हात

धुरीकाकांनी मला बारशापासून पाहिलंय. लहानपणी चाळीच्या जिन्यावरून पडून मी पुढचे दोन दात घालवले, तेव्हा मला खांद्यावर टाकून दवाखान्यात तेच घेऊन गेले होते. तरीही मंडळाच्या लॅपटॉपला मी हात लावायला गेलो की दर रविवारी ते मला विचारायचे, "कोण तू?"

"काका, मी विनायक."

"ता माका दिसता. कॉम्प्युटराक सांग."

करी रोडची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहणार हे नक्की झालं, तेव्हा जायच्या आधी चाळीचं एक पुस्तक काढायचं ठरलं. ज्याला जे आठवतं ते त्याने लिहायचं. लिहायला मंडळाच्या ऑफिसात एकच लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर पहारा धुरीकाकांचा. काका एका कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पुस्तक गिटमध्ये ठेवलं. गिट ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची व्यवस्था. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली, याची त्यात नोंद राहते. चाळीच्या आठवणींसाठी एवढा सरंजाम म्हणजे लिंबू चिरायला कोयता, असं माझं मत होतं. पण मला विचारतो कोण!

या गिटची एक खोड आहे. त्याला एकदा नाव सांगितलं की पुढचं नाव सांगेपर्यंत ते सगळं त्याच नावावर टाकत राहतं. खुर्चीतला माणूस बदलला, हे त्याला कळत नाही. म्हणून काकांनी लॅपटॉपच्या झाकणावर कागद चिकटवला होता: 'आधी नाव लावावे, मग हात लावावा.' खुर्चीत बसल्याबरोबर प्रत्येकाने 'गिट कॉन्फिग युजर डॉट नेम' असं टाइप करून पुढे आपलं नाव घालायचं. तेही पूर्ण, मधल्या नावासकट. बंड्या, पिंट्या, बाळा यांना प्रवेश नाही. नावानंतर ईमेल. अर्ध्या चाळीला ईमेल नव्हता, म्हणून काकांनी तिथे खोली नंबर घालायला लावला.

"चालतं का असं?" मी विचारलं.

"न चालाक काय झाला? गिट तुका पत्र धाडूचा हा?"

शिवाय प्रत्येक बदलाला एका ओळीत कारण द्यायचं. मी एकदा 'सहज' असं कारण दिलं, तर काकांनी मला पुन्हा खुर्चीत बसवलं. "सहज माणूस जांभई देता. ओळ बदलूक कारण लागता."

दर रविवारी मागच्या आठवड्याची नोंद छापून ते खालच्या फळ्यावर लावायचे, पाणीकपातीच्या सूचनेशेजारी. त्या फळ्यानेच माझा घात केला. एका रविवारी माझ्या आधी मालतीताई कदम लिहून गेल्या होत्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, चाळीतली कुत्रीसुद्धा त्यांच्यासमोर शेपूट आवरून बसतात. मी फोनवर बोलत बोलत खुर्चीत बसलो, नाव बदलायचं विसरलो आणि लिहून टाकलं, 'पहिली बिडी मी गच्चीवरच्या टाकीमागे ओढली. ठसका लागला, पण मजा आली.' पुढच्या रविवारी अख्ख्या चाळीने ते वाचलं. खाली नाव, मालती सदाशिव कदम.

माफी मागायला मी त्यांच्या दारात गेलो. ताईंनी गॅलरीत दोन्ही बाजूंना पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "राहू दे रे. फक्त टाकीमागे नाही, जिन्याखाली. तेवढं दुरुस्त कर."

फळा वाचून सगळे हसले, काका हसले नाहीत. ती नोंद त्यांनी माझ्याकडून माझ्या नावावर करून घेतली. "दुसऱ्याच्या नावार आपला घालूचा नाय, आणि दुसऱ्याचा आपल्या नावार घेवचा नाय. तीस वर्सां मी लिवलंय, नाव सायबाचा लागला." एवढं बोलून ते छापील पानं गोळा करून उठले. रविवारी अकरा वाजले की ते असेच उठायचे. "वर दाखवून येतंय," म्हणायचे. काका देवभोळे. आम्हाला वाटायचं, पानं देव्हाऱ्यापुढे ठेवून येत असतील.

पुस्तक छापायला जायच्या आधीचा रविवार. काका नुकतेच वर गेले होते. पुस्तकाला ज्यांचा हात लागला त्यांच्या नावांची यादी हवी होती, म्हणून मी ती गिटलाच मागितली. ज्याच्या नोंदी जास्त, त्याचं नाव वर. मला वाटलं, पहिले काकाच असणार. काका दुसरे होते. पहिलं नाव होतं, सुनंदा वसंत धुरी.

म्हणजे काकू! मी चाळ सोडून वडाळ्याला राहायला गेलो होतो, आता फक्त पुस्तकापुरता रविवारी यायचो; तेव्हापासून काकूंना पाहिलंच नव्हतं. मधल्या काळात त्या गेल्या, असं मी धरून चाललो होतो, आणि उशीर झाल्यावर विचारायचीही लाज वाटली. आठवड्यापूर्वी 'आपल्यातून गेलेले' या पानावर त्यांचं नाव मीच घातलं होतं.

खोटं कशाला बोलू, वाईट वाटायच्या आधी मला आनंद झाला. सगळ्या चाळीला नाव लावायला लावणारा हा माणूस स्वतः गेलेल्या बायकोच्या नावावर कारभार करतोय! मी लॅपटॉप काखोटीला मारला आणि तीन जिने एका दमात चढलो.

दार उघडंच होतं. काका स्टुलावर बसून मोठ्याने वाचत होते. खिडकीजवळच्या लोखंडी खाटेवर, उशांना टेकून, काकू बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. डाव्या हातात चमचा.

"'नळाला पाणी पहाटे पाचला यायचं,'" काकांनी वाचलं.

काकूंनी चमचा खाटेच्या गजावर मारला. टण.

"पाचाक नाय? मगे, चाराक?"

टण, टण.

काकांनी मला पाहिलं. "लॅपटॉप हाडलंस? बरा झाला." लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांनी आधी नाव बदललं, सुनंदा वसंत धुरी. मग पाचाचे चार केले. मग नाव पुन्हा बदलून स्वतःचं लावलं.

"पण काका," मला काहीतरी बोलायलाच हवं होतं, "टाइप तर तुम्ही केलं."

"मी नुसतो हात. चूक कोणी धरल्यान? नाव धरणाऱ्याचा." मग काकूंकडे बघत ते म्हणाले, "पंचवीस वर्सां गिरगावच्या छापखान्यात हिणा प्रुफां तपासल्यान. एका पुस्तकात नाव नाय. लकवो झालो, वाचा गेली, मगे लोकांनी चौकशीय सोडल्यानी. चूक मात्र हिका अजून आयकाक येता."

मला ते गेलेल्यांचं पान आठवलं. लॅपटॉप मागून घेऊन मी दाराशीच खाली बसलो आणि त्या आठवड्याची नोंद उघडली. तेव्हा लक्षात आलं, एवढ्या रविवारांत पहिल्यांदाच काकांनी ती फळ्यावर लावली नव्हती. मला ते एका शब्दानेही बोलले नव्हते.

एका ओळीत माझं पूर्ण नाव होतं. 'गेलेल्यांची यादी पूर्ण केली.' त्याच्या वरच्या ओळीत, दुसऱ्या दिवशीच्या तारखेने, सुनंदा वसंत धुरी. 'यादीतून एक नाव काढले. कारण: मी अजून आहे.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान वर केली तर काकू माझ्याकडेच बघत होत्या. अर्धाच चेहरा हलत होता, पण तो हसत होता.

"काकू," मी म्हणालो, "चुकलो."

त्यांनी चमचा उचलला.

टण, टण.